करमत नव्हते तेव्हा : अकोटच्या एका आठवड्याची नोंद

साथीचा इतिहास लिहू लागले की आदेश सापडतात, रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे सापडतात, वर्तमानपत्रांची कात्रणे सापडतात. बंद दाराआड माणसांनी दुपार कशी काढली, ते मात्र सापडत नाही. ‘करमत नाही’ या तक्रारीसाठी कोणत्याही दप्तरात रकाना नसतो. हा लेख अशाच एका आठवड्याविषयी आहे.

मंगळवार, २३ फेब्रुवारी २०२१. गाडगेबाबांची जयंती. वऱ्हाडात या दिवशी हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरण्याची रीत आहे. त्या वर्षी मात्र रस्त्यावर न उतरण्याचा हुकूम होता. अकोला, मूर्तिजापूर आणि अकोट ही अकोला जिल्ह्यातली तीन शहरे १ मार्चपर्यंत प्रतिबंधित क्षेत्रे ठरली होती. अमरावती आणि अचलपूर आदल्या रात्रीपासूनच बंद झाली होती. दोन दिवस आधी मुख्यमंत्र्यांनी ‘मी जबाबदार’ मोहीम जाहीर करून राज्यभर टाळेबंदी लावायची की नाही, हे पुढचे आठ-पंधरा दिवस ठरवतील, असे सांगितले होते. म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राला मुदत मिळाली आणि वऱ्हाडाच्या या शहरांना कुलूप.

या आठवड्याचे वेगळेपण इथेच आहे. २०२०च्या टाळेबंदीत सारा देश एकदम थांबला होता आणि वेळ घालवण्याचे कार्यक्रमही वरून येत होते. २२ मार्चला पाच वाजता थाळ्या वाजवायच्या, ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावायचे. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा सुरू केले, तेव्हा १९८७ साली ज्यांनी ते पाहिले होते ते आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसले. फेब्रुवारी २०२१मध्ये यातले काहीच नव्हते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक कामावर होते. त्यांचा फोन आला की विचारत, “काय करून राह्यले?” उत्तर ठरलेले, “काही नाही, बसलो घरी.” करमणूक ज्याची त्याने शोधायची होती. म्हणूनच घरातले जुने खेळ पाहायचे असतील, तर २०२०च्या एकवीस दिवसांपेक्षा हे सात दिवस अधिक बोलके वाटतात.

पहिला मान पत्त्यांचा. मेंढीकोटला चार माणसे लागतात. समोरासमोर बसलेले दोघे भिडू, हुकूम ठरला की दश्श्या पकडायच्या, चारही दश्श्या एकाच बाजूला आल्या की कोट. माणसे तीनच असली की पाच-तीन-दोन. लहान मुलांना घ्यायचे तर बदाम सात. कोणत्या घरातून कोणत्या डावाचा गलका येतो, यावरून घरात माणसे किती ते बाहेरच्याला कळावे! घरून काम करण्याची मुभा मिळून शहरातून परतलेल्या मुलामुळे कितीतरी घरांना चौथा हात मिळाला होता. आणि डाव मांडायचा तो सतरंजीवरच. अकोटला हे सांगण्यात थोडा मान आहे, कारण जुन्या गॅझेटिअरांनी या गावाची ओळख कापसाबरोबर इथल्या गालिच्यांवरूनही करून दिली आहे. सतरंजी या शब्दाची एक व्युत्पत्ती फारसी ‘शतरंज’वरून, म्हणजे बुद्धिबळावरून सांगतात. पटासारखी चौकडी असलेली ती शतरंजी. बसायचे आसनच खेळाचे नाव घेऊन आलेले.

दुसरा खेळ बायकांचा आणि पोरांचा, चंगाअष्टा. फेब्रुवारीअखेर म्हणजे चिंचा फोडून वर्षाची बेगमी करण्याचे दिवस, त्यामुळे चिंचोके घरात आयते होते. चिंचोका दगडावर घासून दुभंगला की एक बाजू पांढरी, एक काळी. असे चार तुकडे हे फासे. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरे आखायची, चार कडांच्या मधल्या घरांत आणि ऐन मध्यात फुली मारायची. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा दान. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी कोणी मारू शकत नाही. पण दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड केल्याशिवाय, आतल्या घरांत शिरता येत नाही. खर्च शून्य, आणि खेळ संपला की ओल्या फडक्याने पट पुसता येतो.

याच कुळातला थोरला खेळ म्हणजे चौपट. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त चौपटचे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातल्या नरनाळा सरकारचीही नोंद आहे. अकोटहून सातपुड्याकडे पाहिले की दिसतो तोच हा नरनाळा. एकाच ग्रंथात महसूलही आहे आणि खेळही. राज्याचा हिशेब मांडताना लोक वेळ कसा घालवतात हे लिहिणे अबुल फजलला कमीपणाचे वाटले नाही.

ज्या घरात चिंचोके नव्हते तिथे मोबाइलवर लुडो होता. लुडो पच्चीशीवरूनच बेतलेला. इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट १८९६ साली घेतले गेले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. २०२०पासूनच्या आदेशांमागे उभा होता तो हाच कायदा. म्हणजे अकोटच्या एखाद्या घरात त्या आठवड्यात माणसे ज्या कायद्याने कोंडली गेली आणि ज्या खेळाने तगली, ते दोन्ही एकाच वयाचे.

दूरचित्रवाणीने मात्र या आठवड्यात दगा दिला. २४ फेब्रुवारीला अहमदाबादेत भारत-इंग्लंड यांचा दिवस-रात्र कसोटी सामना सुरू झाला. पाच दिवसांची सोय झाली म्हणून मंडळी खूश होती. अक्षर पटेलने सामन्यात अकरा बळी घेतले, भारत दहा गडी राखून जिंकला आणि सामना दुसऱ्याच दिवशी संपला. विजयाचा आनंद होताच, पण उरलेल्या तीन संध्याकाळींचे काय करायचे, हा प्रश्नही होता.

इथपर्यंतचे चित्र गोड आहे, पण अपुरे आहे. करमत नाही म्हणायलाही आधी पोटाची सोय असावी लागते. अडत्याकडचा हमाल, ऑटोवाला, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या यांच्यासाठी तो आठवडा सुट्टीचा नव्हता, बुडालेल्या मजुरीचा होता. ज्या सतरंजीवर दिवसभर डाव रंगला, तिथे चौथ्यांदा चहा आणून देणारी बाई खेळात नव्हती. तिला चंगाअष्टा मिळाला तो भांडी आवरल्यावर, तासाभराचा. आणि ज्या घरात रुग्ण होता, तिथे सगळा वेळ फोनची वाट पाहण्यात गेला. विरंगुळ्याचा इतिहास लिहायचा तर कोणाला किती वेळ उरला, हे आधी लिहावे लागते.

आणखी एक गोष्ट. वऱ्हाडाची मोठी करमणूक घरात नसतेच. ती पारावर, चौकात, आठवडी बाजारात आणि कीर्तनात असते. गाडगेबाबांचे कीर्तन तर समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत, तिच्याकडून उत्तरे घेतच पुढे सरकायचे. साथीने नेमकी हीच गर्दी धोक्याची ठरवली. प्लेगच्या काळातही माणसे घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहत. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात अकोटजवळच्या मुंडगावच्या पुंडलिकाला वारीच्या वाटेवर प्लेगची गाठ आल्याची कथा आहे. ती कथा घरोघर वाचली जाते, म्हणून त्या साथीची आठवण टिकली. पण शेतातल्या झोपडीत त्या माणसांनी रात्री कशा काढल्या, पोरे काय खेळली, हे कोणी लिहून ठेवल्याचे हाती लागत नाही.

नवल असे की मराठी नियतकालिकांना त्याच सुमारास हा विषय नावातच सापडला होता. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९०चे, का. र. मित्रांचे ‘मनोरंजन’ १८९५चे, आणि आपण वाचत असलेल्या दिवाळी अंकाची परंपरा ‘मनोरंजन’च्याच १९०९च्या अंकापासून मोजतात. वेळ चांगला जावा ही साधी गरज त्या संपादकांनी हलकी मानली नाही.

अकोटचा बंद पुढे ८ मार्चपर्यंत लांबला. मग दुसरी लाट साऱ्या देशावर आली आणि तिच्या दुःखापुढे हा आठवडा विसरला गेला. तो विसरू नये यासाठी करण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिचा धडा वऱ्हाडातच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून विचारून गोळा केल्या आणि रिद्धपूरच्या परिसरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्यात पूर्वायुष्यातल्या जुगाराचा आणि त्यात हरल्याचाही प्रसंग गाळलेला नाही. त्या आठवड्यात दहा वर्षांची असलेली मुले आता मोठी होत आहेत. घरातल्या मोठ्यांना आणि या मुलांनाही विचारावे, तेव्हा कोण कोणाचा भिडू होते, फासे कशाचे होते, कोणाला खेळायला वेळ मिळाला नाही. उत्तरे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. आदेशाची प्रत सरकारी कपाटात मिळेल. चिंचोक्यांची हकीकत फक्त या वहीत मिळेल.