वडाची साल गुलाबाला

दिवाळी सरली की जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बोरं यायला लागतात. पोत्यावर ओतलेला ढीग, बाजूला मीठ-तिखटाची पुडी आणि मापाला एक जुना ग्लास. त्याच रस्त्यावर थोडं पुढे फुलवाला बसतो. त्याच्याकडे झेंडू, शेवंती आणि ओल्या फडक्याखाली झाकलेले गुलाब. बोरं विकणारी मावशी आणि फुलवाला यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बोराचा आणि गुलाबाचा मात्र आहे. अलीकडचं वनस्पतिशास्त्र सांगतं की ते एकाच गणातले आहेत, लांबचे का होईना पण भाऊबंद. आणि त्या गणात वडही आहे, पिंपळही आहे, उंबरही आहे.

आपल्याकडे कशाचा कशाशी मेळ नसला की 'वडाची साल पिंपळाला' म्हणतात. ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या पेपरात लिहिली तर मार्क जातील. वड आणि पिंपळ दोघेही 'फायकस' या एकाच वंशातले, म्हणजे अगदी सख्खे. पण वडाची साल गुलाबाला? त्याची गोष्ट अडीचशे वर्षांहून लांब आहे, आणि तिच्यात आपला मराठवाडाही कोपऱ्यात उभा आहे.

मी बी.एस्सी.ला असताना प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "रोझेलीझमधली आपल्या भागातली दोन उदाहरणं सांगा." माझ्याकडे सीनियरच्या झेरॉक्स नोट्स होत्या. मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, गुलाब आणि तूर." ते हसले. "तूर? कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?" मी गप्प बसलो. खूप नंतर कळलं की माझं उत्तर चूक नव्हतं, जुनं होतं. आणि जुनं म्हणजे किती, तर साधारण दीडशे वर्षं जुनं.

सुरुवात त्याच्याही आधीची आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ छापला. त्याची पद्धत सोपी होती. फूल उघडा, पुंकेसर मोजा, स्त्रीकेसर मोजा आणि वनस्पती त्या खान्यात टाका. पुंकेसर वीस किंवा जास्त आणि ते निदलपुंजाला चिकटलेले असतील, तर वर्गाचं नाव 'आयकोसँड्रिया'. गुलाब तिथे बसला. सफरचंद बसलं, बदाम बसला. पण मोजणीच्या हिशेबाने पेरू आणि डाळिंबही तिथेच आले, इतकंच काय, निवडुंगसुद्धा! बोराला पाच पुंकेसर, म्हणून ते वेगळ्या खान्यात गेलं. तिथे त्याच्या शेजारी कोण, तर धोतरा, तंबाखू आणि वांगं.

हे वाचून हसू येतं, पण लिनियसला आपली पद्धत कृत्रिम आहे हे माहीत होतं. त्याला नातं शोधायचं नव्हतं, निदान त्या तक्त्यात तरी नाही. जगभरातून येणाऱ्या हजारो वनस्पती पटकन ओळखता येतील असा तक्ता त्याला हवा होता. शाळेत हजेरीपट आडनावाच्या अक्षरानुसार लावतात, तसंच हे. हजेरीत शेजारी आलेली पोरं काही भाऊ नसतात.

गुलाबाने त्यालाही त्रास दिलाच. त्या ग्रंथात त्याने गुलाबाच्या बारा जाती नोंदवल्या. पण गुलाब एकमेकांत सहज संकर करतात आणि माणसाने तर शेकडो वर्षं मुद्दाम संकर घडवले आहेत. रानटी गुलाबाला साधारण पाचच पाकळ्या असतात. बागेतल्या गुलाबाच्या भरगच्च पाकळ्या बहुतांशी पुंकेसरांचं रूपांतर होऊन तयार झालेल्या. म्हणजे पुंकेसर मोजून ओळखायची पद्धत, आणि समोर जे फूल ठेवलंय त्याचे पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले.

नात्याचा विचार करून मांडणी केली ती पॅरिसच्या आंत्वान लोरां द ज्युस्यूने, १७८९ साली. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेच वर्ष. एकच लक्षण मोजण्याऐवजी त्याने अनेक लक्षणं एकत्र तोलली आणि 'रोझेसी' हे कुल बांधलं. गुलाब, सफरचंद, स्ट्रॉबेरी, आलूबुखार, बदाम एका घरात आले. पेरू आणि डाळिंब बाहेर गेले. ज्युस्यूचं हे घर आजही बऱ्यापैकी उभं आहे. आतल्या भिंती तेवढ्या पाडल्या-बांधल्या गेल्या. फळाच्या प्रकारावरून पाडलेल्या चार उपकुलांच्या जागी आता तीनच मानतात.

कुल ठरलं, पण कुलांचा गट, म्हणजे गण? गोंधळ खरा तिथे आहे. इंग्लंडचे जॉर्ज बेंथॅम आणि जोसेफ हूकर या दोघांनी १८६२ ते १८८३ या काळात 'जेनेरा प्लँटारम' लिहिलं. त्यांच्या 'रोझेलीझ'मध्ये गुलाब कुलाच्या शेजारी शेंगवर्गीय कुल आहे. म्हणजे तूर, मूग, हरभरा, बाभूळ, सोयाबीन हे सगळे गुलाबाचे भाऊबंद. माझ्या उत्तरातली तूर इथून आली होती. वड-पिंपळ त्यांनी पाकळ्या नसलेल्या फुलांच्या गटात, गुलाबापासून लांब नेऊन टाकले. बोर आणखी तिसरीकडे, द्राक्षाच्या जवळ.

हीच पद्धत भारतात रुजली. कारण सरळ आहे: हूकर यांनीच 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे सात खंड १८७२ ते १८९७ या काळात काढले, आणि पुढच्या प्रांतवार ग्रंथांनी तोच क्रम उचलला. मुंबई इलाख्यासाठी हे काम थिओडोर कुक यांनी केलं. हे गृहस्थ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य होते. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागांनी प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात आजही कुणी झाड ओळखायला बसलं की कुक उघडतात.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई इलाख्यात सिंध होता, म्हणून कुकच्या ग्रंथात कराचीकडच्या वनस्पती आहेत. गुजरात आहे, धारवाड आहे, कारवार आहे. जवळा बाजार नाही. औंढा नाही, हिंगोली नाही, परभणी नाही. कारण आपण निजामाच्या राज्यात होतो. इलाख्याची हद्द संपली तिथे ग्रंथही संपला. बोरीबाभळींना ती हद्द कुठे दिसत होती? पण पुस्तकाला दिसत होती. सांगायचं तर नगरच्या बोराची नोंद झाली आणि जवळ्याचं बोर बिननोंदीचं राहिलं, झाड तेच असून.

१९४८ साली निजामाची राजवट संपली. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी हा पट्टा पायी तुडवायला सुरुवात केली. वि. ना. नाईक यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ साली आला, आणि दोन खंडांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' १९९८ साली. कुकचं काम संपल्यावर नव्वद वर्षांनी. फ्लोरा म्हणजे नुसती यादी नसते, हे ज्यांनी कधी हर्बेरियम पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. उन्हात हिंडायचं, फांदी फुलाफळासकट तोडायची, कागदात दाबून वाळवायची, जाड शीटवर चिकटवायची, गाव-तारीख लिहायची, मग ग्रंथ आणि जुने नमुने समोर ठेवून नाव ठरवायचं. ज्या नोंदीवर गावाचं नाव असतं ते गाव त्या अर्थाने शास्त्रात येतं.

आणि योगायोग बघा. त्याच १९९८ साली, अमेरिकेतल्या मिसुरी वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात एक लेख आला. लेखक म्हणून एका माणसाचं नाव नव्हतं, गटाचं होतं: अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप, थोडक्यात एपीजी. पायाभरणी पाच वर्षं आधी झाली होती. १९९३ साली ४२ शास्त्रज्ञांनी मिळून सुमारे ५०० वनस्पतींच्या पानांतलं एकच जनुक वाचलं. हवेतला कार्बन पकडणाऱ्या विकराचं ते जनुक, हिरव्या वनस्पतीत असतंच. त्यातल्या अक्षरांचे फरक मोजून संगणकाने वंशवृक्ष काढले. पुंकेसर नाही, पाकळी नाही, फळ नाही.

त्यातून गुलाब गण नव्याने बांधला गेला. गुलाब कुल त्यात राहिलं. बोराचं कुल आत आलं. वड, पिंपळ, उंबर, फणस आणि तुतीचं कुल आलं. वावळ आला. भांग आली! मिळून नऊ कुलं. आणि तूर, सोयाबीन, बाभूळ बाहेर गेले, त्यांचा वेगळा गण झाला. मात्र ते अगदी परके झाले नाहीत. १९९५ साली जनुकांवरूनच असं दिसलं होतं की मुळांवर गाठी बनवून हवेतला नत्र धरणाऱ्या सगळ्या वनस्पती एकाच मोठ्या फांदीवर येतात. त्या फांदीवर शेंगवर्गीय आहेत, काकडी-भोपळ्याचा गण आहे आणि गुलाबाचाही आहे. गुलाबाला स्वतःला गाठी येत नाहीत, पण त्याच्या गणातल्या मोजक्या वनस्पतींना येतात. म्हणजे तूर गुलाबाच्या घरातून गेली, पण गल्ली तीच. परीक्षकांना आता हे सांगावंसं वाटतं, पण त्यांचा नंबर नाही माझ्याकडे.

दुसऱ्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. फॉर्मवर आम्ही परभणी खोडून हिंगोली लिहायला लागलो. गाव तेच, विहीर तीच. मराठवाड्याला नाव आणि हद्द बदलणं म्हणजे काय असतं हे शिकवावं लागत नाही. ज्या विद्यापीठाचा वर उल्लेख केला त्याच्या नावासाठी सोळा वर्षं काय काय सोसावं लागलं, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

मराठीत या शास्त्राचे शब्द बघा: कुल, गण, वंश, जात. मराठी विश्वकोश उघडला तर जवळजवळ प्रत्येक वनस्पतीच्या नोंदीत सुरुवातीलाच 'कुल' भेटतं. शब्द चांगले आहेत, रुळलेले आहेत. पण वर्गात "या झाडाची जात सांगा" असं सर म्हणाले की मागच्या बाकांवर एक विचित्र शांतता पसरायची, ती मला अजून आठवते. जातीचा दाखला आणि पडताळणी यांच्या रांगेत उभं राहून आलेली पोरं होतो आम्ही. झाडाच्या बाबतीत निदान एवढं होतं की नवा पुरावा आला की जात, कुल, गण सगळं बदलता येत होतं, आणि कुणाच्या तोंडचं पाणी पळत नव्हतं.

शेतकऱ्याकडे नात्याची स्वतःची कसोटी असतेच. ती म्हणजे डोळा भरणं. रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवतात. गावठी बोरीवर उमराण किंवा कडाका बोराचा डोळा बसवतात. नातं जवळचं असेल तर डोळा जीव धरतो, लांबचं असेल तर काळा पडून गळतो. गुलाबाचा डोळा बोरीवर बसत नाही. एपीजी काहीही म्हणो, हे नातं कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेलं आहे, चाकूच्या टोकावर ते जुळत नाही. काटेसुद्धा वेगळे. गुलाबाचा काटा सालीतून उगवतो, अंगठ्याने बाजूला दाबला की टचकन निघतो. बोरीचा काटा म्हणजे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचं रूपांतर, तो निघत नाही, आपलंच बोट फाडतो.

आणि उंबर. कधीतरीच दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. फूल असतं, शेकड्यांनी असतं, पण फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आत, चिलटाएवढ्या माशीलाच वाट सापडेल असं. गुलाब सगळ्या जगाला दाखवत फुलतो आणि त्याच गणातलं उंबर पोटात फूल ठेवून बसतं. लिनियस, बेंथॅम, हूकर यांना हे दोघं नातलग वाटले नाहीत यात त्यांचा दोष काय? डोळ्यांनी दिसण्यासारखं नव्हतंच ते.

गेल्या संक्रांतीला घरी होतो. अंगणात कुंडीतला गुलाब आणि कुंपणाला बोर, दोन्ही आईने लावलेले. वाणासाठी ती बोरं निवडत होती. मी मोबाईलवर तो वंशवृक्ष काढून दाखवला. हा गुलाब, हे बोर, हा आपल्या पारावरचा वड. तिने चष्मा वर करून स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली, बराच वेळ पाहिलं.

"मंग वटपौर्णिमेला गुलाबाला दोरा गुंडाळला तर चालतंय का रे?"

मी म्हटलं, गण एक आहे, कुल वेगळं.

"मंग नाही चालत," ती म्हणाली, आणि किडकं बोर बाजूला टाकलं.