बाकी बोलूच

परवा ताईची जुनी ईमेल चाळत बसलो होतो, तेव्हा त्या बटणाची आठवण झाली.

ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आलं, तेव्हा पत्र एका खिडकीत वाचायचं आणि बोलायला दुसरी उघडायची. मग आउटलुकला जोडायची स्काइपची पट्टी निघाली. पत्र वाचता वाचताच फोन लावा! जीमेलमध्ये फेब्रुवारी २००६ मध्ये लेखी गप्पा आल्या. आवाज आणि चित्र नोव्हेंबर २००८ मध्ये. त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागे, कारण तेव्हाच्या ब्राउझरला मायक्रोफोन नि कॅमेरा आपला आपण हाताळता येत नसे. पुढे ती सोय ब्राउझरमध्येच आली, प्लगइन गेलं. ५ मे २०२५ ला स्काइपही बंद झालं.

भाच्याने ते प्लगइन बसवून दिलं, त्याच दिवशी मी ताईचं टोरांटोहून आलेलं पत्र अर्धवट सोडून बटण दाबलं. केवढा आनंद झाला होता दोघांना!

ताई आता नाही. २००८ पूर्वीची तिची पत्रं पानपानभर आहेत, रोमन लिपीतल्या मराठीत. बर्फ, नातवंडं, आईच्या हातचं थालीपीठ, सगळं त्यांत आहे. नंतरच्या पत्रांत बहुतेक एकच ओळ : शनिवारी सकाळी बस, बाकी बोलूच.