कमिशनरावर कमिशन

रंगावली नदीच्या काठचे नवापूर हे १८८८ साली खानदेश जिल्ह्याच्या पश्चिम टोकास होते. तेथील रयतेस फौजदाराविरुद्ध गाऱ्हाणे सांगावयाचे झाल्यास मामलेदाराकडे जावे लागे. तेथे दाद न लागली तर धुळ्यास कलेक्टराकडे, आणि त्याहूनही वर म्हणजे मध्य भागाच्या कमिशनराकडे. १८८५ पर्यंत तर इलाख्यातील पोलिसांवरची देखरेखच मुलकी कमिशनरांच्या हाती होती. पण दाद मागावयाचे हे शेवटचे ठिकाणच नासले तर?

हा प्रश्न त्याच वर्षी उभा राहिला. मुंबईतील मंडईला ज्यांचे नाव मिळाले ते आर्थर क्रॉफर्ड तेव्हा मध्य भागाचे कमिशनर होते. त्यांच्या नावावर हणमंतराव नावाचा मध्यस्थ मामलेदारांकडून बदली-बढतीसाठी पैसे घेतो, अशी बोलवा होती. मामलेदार हा माजिस्ट्रेटही असे. पैसे भरून जागेवर बसलेला मनुष्य ते कोणाकडून भरून काढणार, हे उघडच होते.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी पोलिसांचे इन्स्पेक्टर-जनरल ओमॅनी यांजकडे तपास सोपविला. जे मामलेदार खरे सांगतील त्यांना इजा पोहोचणार नाही, असे अभयवचन सरकारने दिले. हणमंतरावास शिक्षा झाली. क्रॉफर्डसाहेबांच्या चौकशीकरिता पुण्यास कमिशन बसले. अध्यक्ष मुद्दाम बाहेरून, कलकत्ता हायकोर्टातून आणलेले न्यायमूर्ती विल्सन. लाचेचे आरोप शाबीत झाले नाहीत, असा कमिशनचा निर्णय पडला. हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र साहेबांची नोकरी गेली. (चौकशी करणारा खात्याबाहेरचा असावा, हे तत्त्व पोलिसांच्या बाबतीत रुजावयास फार काळ लागला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तक्रार प्राधिकरणाचा आदेश २००६ साली दिला, आणि महाराष्ट्राचा कायदा २०१४ साली झाला.)

खरी आपत्ती साक्षीदारांवर आली. लाच घेतली हे शाबीत नाही, पण लाच दिल्याची कबुली तर कागदावर! अशा कबुलीदारांस न्यायासनावर ठेवावे काय, अशी ओरड विलायतेत झाली आणि दिलेला शब्द डळमळू लागला. १८८९ च्या सप्टेंबरात पुण्यास जाहीर सभा भरली. टिळकांनी मामलेदारांची बाजू मांडली. कायदा करून हिंदुस्थान सरकारने त्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. तरीही सरकारच्या भरवशावर बोललेल्यांपैकी कित्येकांना घरी बसावे लागले.