फसलेला सिनेमा कुणाला परवडतो?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयात पोरांनी प्रोजेक्टर लावून ज्याँ-लुक गोदारचा 'वन प्लस वन' दाखवला. सिनेमा संपल्यावर दीड तास भांडण. एक गट म्हणे, गोदार तो गोदारच, कळला नसेल तर दोष तुमचा. दुसरा गट म्हणे, कसला महान, अर्धे लोक झोपले होते. तिसऱ्या गटाला सिनेमाशी देणंघेणंच नव्हतं. रोलिंग स्टोन्स स्टुडिओत गाणं कसं बसवतात एवढंच त्यांना बघायचं होतं. वाद चांगला रंगला. पण त्या दीड तासात भंगाराच्या यार्डात बंदुका घेऊन उभ्या असलेल्या काळ्या माणसांबद्दल कुणी दोन वाक्यंसुद्धा बोललं नाही. आंबेडकरी पोरांनीही नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी इतिहास. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिस पेटलं होतं. विद्यार्थी रस्त्यावर, कामगार संपावर. गोदार त्या धामधुमीतून निघून जूनमध्ये लंडनला आला आणि ऑलिम्पिक स्टुडिओत रोलिंग स्टोन्ससमोर कॅमेरा लावून बसला. बँड 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' हे गाणं बसवत होता. सुरुवातीला ते संथ, लोकगीतासारखं होतं. वाजवता वाजवता त्याचा सांबा झाला. त्याच आठवड्यात अमेरिकेत रॉबर्ट केनेडींचा खून झाला आणि गाण्यात जिथे एका केनेडीचा उल्लेख होता तिथे दोघांचा करावा लागला. ब्रायन जोन्स, ज्यानं हा बँड उभा केला, तो एका कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेला दिसतो. त्याचं वाजवणं कुणी ऐकतंय असं वाटत नाही. वर्षभरात तो बँडबाहेर गेला आणि जुलै १९६९ मध्ये वारला. चित्रीकरणाच्या दिव्यांमुळे स्टुडिओच्या छताला आगही लागली. रॉकच्या चाहत्यांसाठी हे सगळं सोनं आहे, कबूल.

पण गोदारला नुसता बँडवरचा सिनेमा करायचा नव्हता. तो स्टुडिओतून उठतो आणि थेम्सकाठच्या भंगाराच्या यार्डात जातो. मोडक्या मोटारींमध्ये काळे क्रांतिकारक बसलेत. एकमेकांच्या हातात बंदुका देताहेत. लेरॉय जोन्स आणि एल्ड्रिज क्लीव्हर यांचं लिखाण मोठ्यानं वाचताहेत. पांढऱ्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका तिथे आणल्या जातात आणि मारल्या जातात. मग पुन्हा स्टुडिओ. पुन्हा यार्ड.

गोदारच्या बाजूनं एक दमदार युक्तिवाद करता येतो आणि तो आमच्या वादात कुणीतरी करायला हवा होता. ज्या संगीतावर हे गोरे तरुण उभे आहेत ते काळ्यांचं. स्टुडिओ आणि यार्ड शेजारी ठेवून गोदार ही उसनवारीच दाखवतो, असं म्हणता येईल. लेरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमिरी बराका, यांनी १९६३ सालीच 'ब्लूज पीपल' हे पुस्तक लिहून काळ्यांचं संगीत म्हणजेच अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास आहे अशी मांडणी केली होती. गोदारला हे ठाऊक होतं. तो आंधळा नव्हता.

तरीही माझं भांडण आहे. सिनेमा नीट बघा. स्टुडिओतली गोरी पोरं चुकतात, थांबतात, वैतागतात, ताल बदलून बघतात, पुन्हा चुकतात. आपण त्यांना विचार करताना बघतो. यार्डातली काळी माणसं मात्र एकदाही चाचपडत नाहीत, कारण त्यांना चाचपडायला जागाच दिलेली नाही. त्यांनी फक्त वाचायचं, तेही दुसऱ्यानं निवडलेलं. कुणी म्हणेल, पुस्तकाच्या दुकानातला गोरा माणूसही 'माइन काम्फ'मधलं वाचूनच दाखवतो. बरोबर आहे. पण गोऱ्यांसाठी स्टुडिओसुद्धा आहे. काळ्यांसाठी फक्त यार्ड. आणि त्या गोऱ्या बायकांचं काय? आमच्यातली एक मुलगी घरी जाताना म्हणाली, 'सर, काळ्या माणसाबद्दल गोऱ्यांच्या मनात जी भीती असते ना, तीच क्रांती म्हणून दाखवलीय, आणि बाई पुन्हा मेलेलीच.' वादाच्या वेळी हे का नाही बोललीस, विचारलं. म्हणाली, मला गोदार माहीत नाही ना.

तुम्हाला गोदार माहीत नसला तरी चालेल. तुम्हाला जे दिसलं ते बोला.

आता गंमत बघा. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या चित्रपट महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला. निर्माता इयन क्वॉरियर यानं शेवटी पूर्ण झालेलं गाणं चिकटवलं होतं. गोदारला गाणं अपुरंच ठेवायचं होतं. तो इतका भडकला की त्यानं निर्मात्याला ठोसा मारला. प्रेक्षकांना सांगितलं, तिकिटाचे पैसे परत मागा आणि ते क्लीव्हरच्या बचाव निधीला पाठवा.

दुसरं उदाहरण इटालियन दिग्दर्शक मायकेलँजेलो अँटोनिओनीचं. अमेरिकेत जाऊन मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या पैशावर त्यानं 'झाब्रिस्की पॉइंट' केला, १९७० साली. सुमारे सत्तर लाख डॉलर खर्च, दहा लाखही परत आले नाहीत. सिनेमा उघडतो तो विद्यार्थ्यांच्या बैठकीत. ब्लॅक पँथर्सच्या कॅथलीन क्लीव्हर तिथे प्रत्यक्ष बसल्या आहेत. गोऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं जातंय, तुम्ही मरायला तयार आहात का? सिनेमातला सगळ्यात जिवंत प्रसंग हाच. मग नायक उठून जातो, विमान चोरतो, वाळवंटात प्रेम करतो आणि काळी माणसं कथेतून जवळपास नाहीशी होतात. शेवटी पिंक फ्लॉइडच्या संगीतावर आलिशान घराचा स्फोट, पुन्हा पुन्हा, हळू गतीत. तो बघण्यासारखा आहे, खोटं कशाला बोलू. त्यानंतर स्टुडिओनं दिग्दर्शकाला डावलून रॉय ऑर्बिसनचं एक प्रेमगीत जोडलं.

म्हणजे दोन्ही सिनेमांची गाजलेली भांडणं शेवटच्या गाण्यावरून आहेत. दिग्दर्शक मोठा की निर्माता? पन्नास वर्षं चाहते हाच वाद वारशानं चालवत आलेत आणि परवा आमच्या वाचनालयातही तोच चालला. शेवटचं गाणं कुणाचं यावर सगळे भांडतात. पहिला सूर कुणाचा?

रोलिंग स्टोन्स हे नाव मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. पिंक फ्लॉइड हे नाव सिड बॅरेटनं पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन काळ्या ब्लूज गायकांच्या नावांवरून जुळवलं. 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ मध्ये आला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या, तेव्हा हे दोघेही जिवंत होते. अँडरसन १९७४ मध्ये गेले, कौन्सिल १९७६ मध्ये. (त्याच अल्बममधलं 'अस अँड देम' हे गाणं मुळात अँटोनिओनीनं 'झाब्रिस्की'साठी नाकारलेल्या चालीवर आहे. म्हणजे नाकारलेला सूरसुद्धा वाया गेला नाही.) 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' ज्या 'बेगर्स बँक्वेट' अल्बममध्ये आहे, त्यातच 'प्रॉडिगल सन' हे गाणं आहे. ते रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचं. त्याचं मूळ रूप त्यांनी १९२९ मध्येच ध्वनिमुद्रित केलं होतं. अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर श्रेय मात्र जॅगर आणि रिचर्ड्सचं. लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'साठी विली डिक्सन यांना १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे तडजोड झाली.

माझा मुद्दा चोरीपुरता नाही. फसण्याच्या हक्काचा आहे. सत्तर लाख डॉलर बुडवून अँटोनिओनी पाच वर्षांत जॅक निकल्सनला घेऊन 'द पॅसेंजर' करतो आणि आधीचा सिनेमाही 'महत्त्वाकांक्षी अपयश' म्हणून नावाजला जातो. आणि यार्डातल्या माणसांचं? त्यांच्यातला एक होता फ्रँकी डायमन. लंडनच्या ब्लॅक पॉवर चळवळीतला कार्यकर्ता. त्यानं १९६९ मध्ये स्वतः कॅमेरा हाती घेऊन 'डेथ मे बी युवर सँटा क्लॉज' हा छोटा सिनेमा केला, रॉक संगीतासकट. तोही तुटक, विस्कळीत आहे. पण त्याला कुणी महत्त्वाकांक्षी अपयश म्हटलं नाही. तो नुसता विसरला गेला.

आपल्याकडे काय होतं? वस्तीतून आलेल्या दिग्दर्शकाचा एक सिनेमा जरा ढिला पडला की लगेच 'संपला', 'जातीचं किती दिवस सांगणार'. हे सवर्ण समीक्षक म्हणतात ते सोडा, आपली पोरंही म्हणतात. गोदारच्या रटाळपणात अर्थ शोधायला दीड तास आणि आपल्या माणसाच्या चुकीला एक ओळ. कमकुवत सिनेमाला चांगला म्हणा, असं मी सांगत नाही. तेवढाच वेळ देऊन भांडा, एवढंच म्हणणं आहे.

नाव तर आपणही उसनं घेतलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर्सवरून नाव घेऊन. पण १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं त्या लढ्याशी आपलं नातं उघड सांगितलं. त्याआधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. तिथे नावं होती, पत्ते होते, उत्तरं होती. भंगाराचं यार्ड नव्हतं.

'वन प्लस वन' पुन्हा लावायचं ठरलंय. या वेळी एक करा. स्टुडिओतल्या दृश्यांत कोंगा वाजवणारा काळा माणूस शोधा. सांबा झाल्यावर ते गाणं त्याच्या हातांवर चालतं. नाव रॉकी झिझोर्नू, मूळचा घानाचा. मागच्या वेळी तो पडद्यावर असताना आम्ही मिक जॅगरच्या केसांवर बोलत होतो.