‘असल्यास’ची कुळकथा

मराठीत छापलेला कुठलाही जुना फॉर्म हातात घ्या. ‘अपंगत्व असल्यास प्रमाणपत्र जोडावे.’ ‘विवाहित असल्यास पतीचे नाव.’ ‘पूर्वीचे कर्ज असल्यास तपशील.’ आणि तळाशी बारीक अक्षरांत, ‘लागू नसेल ते खोडावे.’ पोस्टात, बँकेत, तहसील कचेरीत उभ्याउभ्या आपण सगळ्यांनी अशा फॉर्मवर आडव्या रेघा मारल्या आहेत. अर्धा फॉर्म आपल्यासाठी नसायचाच, तरी तो सगळा वाचावा लागे. नुकतीच विधवा झालेली बाई पतीच्या रकान्यापाशी पेन घेऊन थांबली तर तिला काय वाटेल, हा विचार फॉर्म छापणाऱ्याच्या मनात येत नसे. कागद एकच, आणि तो सगळ्यांना सारखा.

आता खोडण्याचे काम संगणक करतो. एखाद्या कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘विवाहित’ निवडले की पुढचा रकाना उघडतो, ‘अविवाहित’ निवडले की तो दिसतच नाही. सॉफ्टवेअरवाले याला कंडिशनल लॉजिक म्हणतात. आपल्याकडे त्याला सोपा शब्द आहे, जर-तर. या जर-तरचे कूळ संगणकाहून बरेच जुने आहे आणि त्याची एक शाखा मराठी माणसांनी कावेरीच्या काठी वाढवली आहे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘असल्यास’ म्हणजे ‘असलेला’ या धातुसाधिताच्या घराण्यातले ‘असल्या’ हे सामान्यरूप आणि त्याला लागलेला चतुर्थीचा ‘स’. झालेल्या गोष्टीला प्रत्यय लावून आपण न झालेल्या गोष्टीची अट बांधतो. तमिळही तेच करते. तिथे ‘असणे’ या क्रियापदाच्या भूतकाळी अंगाला ‘आल्’ जोडला की ‘इरुंदाल्’, म्हणजे ‘असल्यास’. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा एकाच युक्तीपाशी येऊन थांबल्या आहेत. ‘जर’ आणि ‘तर’ यांचे पूर्वज म्हणजे संस्कृतातले ‘यर्हि’ आणि ‘तर्हि’. ‘यर्हि’चा अर्थ ‘जेव्हा’, ‘तर्हि’चा ‘तेव्हा’. म्हणजे आजची अट मुळात वेळ होती. कोणी दारात येईल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न आधी आला. कोणी आलेच तर काय करायचे, हा नंतर.

दारात येणाऱ्यांचा असाच विचार तंजावरच्या मराठी राज्याने केला होता.

तंजावरपासून सुमारे 13 किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. संस्कृतात याच गावाला पंचनद म्हणतात. कर्नाटक संगीताचे रचनाकार संत त्यागराज इथेच राहिले आणि 1847 मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. या साऱ्या मुलखावर 1675 ते 1855 भोसल्यांचे राज्य होते. पाणी भरपूर, भात भरपूर, मंदिरे पावलोपावली आणि काशी-रामेश्वर करणारे यात्रेकरू बारमाही. त्यांच्यासाठी राजघराण्याने वाटेवर छत्रे बांधली, त्यांना गावे आणि जमिनी लावून दिल्या. संस्कृत ‘सत्र’ या शब्दापासून तमिळ ‘सत्तिरम्’ झाला आणि आपल्या ‘अन्नछत्रा’तही तोच शब्द बसला आहे.

सरफोजीराजे (दुसरे) 1798 मध्ये गादीवर आले आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. ही छत्रे चालू राहावीत म्हणून 1801 मध्ये राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिले. छत्रात काय-काय चालते, याचे वर्णन त्यात आहे. भावनेने लिहिलेले असूनही ते वाचताना एखादी नियमावली समोर उलगडावी तसे वाटते.

सर्व जातींच्या आणि पंथांच्या माणसांना शिजवलेला भात मिळे. शिजवलेले चालत नसेल त्याला कच्चा तांदूळ आणि सोबत मसाल्याचे जिन्नस. वाटसरू आजारी असल्यास औषध, त्याला मानवेल असे पथ्याचे जेवण आणि बरा होईपर्यंत मुक्काम. सोबत तान्हे मूल असल्यास दूध. बाई गरोदर असल्यास तिची काळजी. छत्रातच बाळंत झाली तर बाळंतपणाचा खर्च, औषधपाणी आणि पुढे तीन महिने राहण्याची मुभा. परक्या मुलखातल्या वाटसरूंची मुले पोरकी असल्यास ती शिक्षकाच्या स्वाधीन होत, दिवसातून तीन वेळा जेवत, दर चार दिवसांनी त्यांना तेल लावून न्हाऊ घातले जाई आणि ज्या विद्येची ओढ वाटे ती विद्या त्यांना शिकवली जाई. कोणी छत्रात मेला तर त्याच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधी.

आज फॉर्म बांधणाऱ्याने हे पत्र समोर ठेवावे. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच, भुकेचा. पुढचे प्रश्न माणसागणिक उघडतात. निरोगी तरुणाला बाळंतपणाचे कोणी विचारत नाही, आणि पोरक्या मुलाला ‘तुला लागू नाही’ असे सांगून कोणी परत पाठवत नाही. एका अटीच्या पोटात दुसरी अटही आहे. बाई गरोदर आहे का, ही पहिली. इथेच बाळंत झाली का, ही तिच्या आतली. सॉफ्टवेअरमध्ये आपण पालक-रकाना आणि त्यावर अवलंबून असलेला रकाना म्हणतो, तो हाच.

मराठीत एक म्हण आहे, अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची. फुकट खाणाऱ्याला चोखंदळपणा शोभत नाही, असा तिचा टोमणा. तंजावरच्या छत्राने या म्हणीला उत्तर दिलेले आहे. कच्च्या तांदळाबरोबर मसाला देणे तिथे नियमातच होते. मागणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून त्याची गरज आधीच ओळखून तिच्यासाठी रकाना ठेवायचा. चांगल्या फॉर्मचे सारे शहाणपण यात आले.

असा कारभार नोंदींवाचून चालत नाही. तंजावरच्या मराठी दप्तराचे मोडीतले कागद मोठ्या संख्येने टिकून आहेत. मराठी हिशेबनीस आधी एकूण रक्कम मांडत, मग ‘बितपशील’ म्हणून तिची कलमे आणि कलमाच्या पोटात ‘पैकी’ म्हणून आणखी फोड. गरज असेल तिथेच फाटा फुटे, नसेल तिथे ओळ पुढे जाई. सरफोजीराजांच्या नेत्रचिकित्सेच्या नोंदीही अशाच एकेका रोग्याच्या आहेत, दुखऱ्या डोळ्याच्या रंगीत चित्रांसह. हाताने लिहिणाऱ्या कारकुनाला ही मोकळीक होती, कारण समोरचा माणूस पाहून तो पुढची ओळ ठरवी.

छापखान्याने ती मोकळीक काढून घेतली. हजारो प्रती एकसारख्या निघू लागल्या आणि अटी सूचना बनून ओळींत शिरल्या. 2011 च्या जनगणनेच्या कुटुंब-अनुसूचीत 29 प्रश्न होते, पण अपत्यांचे प्रश्न फक्त विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा विभक्त स्त्रियांसाठी. कोणाला कुठला प्रश्न गाळायचा, हे प्रगणकाने प्रशिक्षणात शिकून लक्षात ठेवायचे. फॉर्मची बुद्धी कागदाबाहेर, माणसाच्या डोक्यात राहिली.

ती परत आणण्याची सोय संगणकाने केली. 1957 मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान भाषा दिली. तिच्यातला ‘इफ’ संख्या ऋण, शून्य की धन हे पाहून तीन वाटांपैकी एक धरी. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेत अटीला स्वतःचे मूल्य देणाऱ्या पदावलीचे रूप दिले आणि अल्गोल 60 मध्ये ‘जर, तर, नाहीतर’ हे तिन्ही शब्द एकत्र नांदू लागले. फॉर्मपर्यंत हे पोहोचायला बराच काळ गेला. ऑक्टोबर 2003 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सफॉर्म्सचे मानक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक रकान्याला ‘रेलेव्हंट’ हा गुण देता येतो, म्हणजे हा रकाना या माणसाशी संबंधित आहे का. आरोग्यसेविका मोबाइलवर घरोघरची माहिती भरतात त्या ओडीके प्रणालीच्या तक्त्यातही ‘रेलेव्हंट’ नावाचा स्तंभ आहे. आणि 2006 मध्ये तमिळनाडूतच वाढलेल्या झोहो कंपनीने ‘क्रिएटर’ हे फॉर्म बांधण्याचे साधन आणले. त्यासारख्या साधनांमुळे प्रोग्रॅम न लिहिताही, नुसत्या याद्यांतून निवड करून, दुकानदार किंवा शाळेचा लिपिक स्वतःच्या अटी बांधू लागला.

अट बांधायची म्हणजे तीन गोष्टी ठरवायच्या: कुठल्या उत्तराकडे पाहायचे, ते कसे असायला हवे, आणि तसे असल्यास काय करायचे. समजा, माल पुरवणाऱ्यांच्या नोंदणीचा फॉर्म आहे. ‘जीएसटी नोंदणी आहे का?’ हा पालक-रकाना. ‘आहे’ म्हटले की जीएसटी क्रमांकाचा रकाना उघडावा आणि तो भरणे सक्तीचे व्हावे. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, तमिळनाडूचे 33, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरे पॅनची. म्हणजे राज्य आणि क्रमांक जुळतात का, हेही लगेच तपासता येते.

चुका होतात त्या यानंतर. रकाना लपवला पण त्याची सक्ती काढली नाही, तर न दिसणाऱ्या प्रश्नापाशी फॉर्म अडून बसतो आणि भरणाऱ्याला कारण कळत नाही. कोणी आधी ‘आहे’ म्हणून क्रमांक लिहिला, मग उत्तर बदलून ‘नाही’ केले, तर लपलेला जुना क्रमांक तसाच साठवला जाऊ शकतो. रकाना मिटताना तो पुसला जायला हवा. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडले तर नको त्याला प्रश्न विचारला जातो. आणि पडद्यावर लपवलेली गोष्ट सर्व्हरवरही पुन्हा तपासावी लागते, कारण पडदा म्हणजे पहारा नव्हे.

सगळ्यांत मोठी चूक मात्र वेगळी आहे. तंजावरला वीणा घडवणारा एखादा कारागीर असतो; त्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली, म्हणून जीएसटी क्रमांक नाही. फॉर्म बांधणाऱ्याने ‘आहे’ची वाट आखली आणि ‘नाही’ची विसरला, तर त्या कारागिराचे काम पहिल्याच पानावर संपते. कोणी त्याला नाकारलेले नसते. त्याची कल्पनाच कोणी केलेली नसते.

तिरुवैयारुला या वगळण्याचा अनुभव आहे. त्यागराजांच्या समाधीवर मंदिर उभारायला ज्यांनी आपली मिळकत वेचली, त्या बंगळूर नागरत्नम्मांना तिथल्या आराधनेत, म्हणजे त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या संगीतोत्सवात, गाता येत नव्हते, कारण त्या स्त्री होत्या, देवदासी होत्या. नियमात त्यांच्यासाठी वाट नव्हती. त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली आणि 1940 च्या सुमारास सगळे गट एक झाले. आज पुष्य बहुल पंचमीला पंचरत्न कृती गायला स्त्री-पुरुष एकत्र बसतात. छत्रांच्या उत्पन्नावर पोसलेल्या तिथल्या संस्कृत कॉलेजातही ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असताना तमिळला जागा मिळाली. अट लिहिणारा कितीही विद्वान असो, बाहेर कोण उभे राहिले हे त्याला पुन्हा-पुन्हा जाऊन पाहावे लागते.

सरफोजीराजांच्या पत्रात हे पाहण्याची रीतही सांगितलेली आहे. छत्रात अन्न वाटणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजे आणि पुकारा होई: ज्यांना अजून मिळाले नसेल त्यांनी यावे, त्यांच्यासाठी भात तयार आहे. शिजवलेला, कच्चा, पथ्याचा, तान्ह्याचा, बाळंतिणीचा असे सगळे विचार करून झाल्यावरही कोणी राहिले असेल, हे तिथे गृहीत धरलेले होते. त्या राहिलेल्याचे नाव, जात, गाव कुठल्याच रकान्यात नव्हते. ‘मिळाले नसल्यास’ एवढी एकच अट त्याच्यासाठी पुरेशी होती. फॉर्म बांधून झाला की शेवटचा रकाना तेवढा ठेवावा, आणि त्यात आलेले उत्तर माणसाने वाचावे.