रायफल घेताय? आधी काडतूस कुठं मिळतं ते बघा

रायफल एकदाच घ्यायची असते, काडतुसं मात्र कायम लागतात. त्यामुळं बोअर ठरवण्याआधी जवळच्या परवानाधारक दुकानात कोणती काडतुसं नेहमी असतात, दर काय आहे, हे विचारून घ्या. .३१५ बोअरची काडतुसं पुण्यात खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात बनतात, म्हणून ती त्यामानाने सहज मिळतात. आयात होणाऱ्या बोअरची काडतुसं महाग पडतात, शिवाय वेळेला मिळतीलच असं नाही. .३०३ हा लष्करी बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही. काडतुसंही परवान्यात लिहिलेल्या मर्यादेतच घेता येतात. आणि एक लक्षात ठेवा, रायफलचा परवाना असला तरी रानडुकरावर गोळी झाडायला वन विभागाची वेगळी परवानगी लागतेच.