वॉल्डनच्या झोपडीचा सांगाडा

अमेरिकेत घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हातांनी एका खोलीचं, पोटमाळ्याचं लाकडी घर बांधायला निघालेला माणूस बहुधा हेन्री डेव्हिड थोरोचं नाव घेतो. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावाजवळ, वॉल्डन तळ्याच्या काठी, थोरोने १८४५ साली बांधलेली झोपडी मराठी वाचकांनाही दुर्गा भागवतांच्या अनुवादामुळे परिचयाची आहे. एकटा माणूस, थोडी हत्यारं आणि थोडे पैसे असले की घर उभं राहतं, याचा पुरावा म्हणून ती पुढे केली जाते. पण तिच्यामागचा विचार बाजूला ठेवून तिचं लाकूडकाम पाहिलं तर ती वेगळीच साक्ष देते. थोरोच्या झोपडीचा सांगाडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून घर उभारण्याच्या जुन्या पद्धतीचा होता. घर एकट्यादुकट्याच्या आवाक्यात आणलं ते त्याच सुमारास शिकागोच्या दलदलीत रुजलेल्या, बारीक पट्ट्यांच्या आणि यंत्राने कापलेल्या खिळ्यांच्या दुसऱ्या पद्धतीने. आजच्या परसातल्या लाकडी घराचं कूळ शोधायचं तर काँकर्डपेक्षा शिकागोला जावं लागतं.

थोरोने आपल्या कामाची नोंद नेमकी ठेवली, हे आपलं भाग्य. मार्चच्या अखेरीस त्याने उसनी कुऱ्हाड घेतली आणि एमर्सन या लेखक-मित्राच्या मालकीच्या जमिनीवर पाइनची झाडं तोडायला सुरुवात केली. मुख्य लाकडं त्याने सहा इंची चौरस तासली. बहुतेक उभ्या लाकडांच्या दोनच बाजू तासल्या, वासे आणि जमिनीखालच्या कड्या यांची एकच बाजू, आणि उरलेली साल तशीच ठेवली. मग प्रत्येक लाकडाच्या टोकाला एकतर जिभेसारखा भाग कोरला किंवा तो बसेल अशी खाच पाडली. न्यू इंग्लंडच्या सुतारांची ही पद्धत इंग्लंडातून आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची होती. मापं १० फूट बाय १५ फूट, खांब ८ फुटांचे, एक कपाट, वर पोटमाळा, जाण्यायेण्यासाठी दोन झडपा. बाहेरच्या फळ्यांसाठी त्याने फिचबर्ग रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हा आकडा वारंवार सांगितला जातो. त्या हिशेबात काय नाही, याकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही. सांगाड्याचं लाकूड त्यात नाही, जमीन नाही आणि मजुरीही नाही. ज्या पद्धतीत लाकूड जंगलातून आणि श्रम गावातून येतात, तिचा हिशेब असाच दिसणार.

मेच्या सुरुवातीला सांगाडा उभा करायला मित्र आणि शेजारी आले. तत्त्वचिंतक ब्रॉन्सन अल्कट आले, शेतकरी एडमंड हॉस्मर मुलांना घेऊन आले. इथे आक्षेप येईल, आणि तो खुद्द थोरोचाच आहे: गरज म्हणून नव्हे, शेजारधर्माची इतकी चांगली संधी दवडू नये म्हणून आपण त्यांना बोलावलं, असं तो लिहितो. मला हे म्हणणं लाकडाच्या वजनापुढे टिकत नाही असं वाटतं. सहा इंची चौरस लाकूड १० फूट लांब असलं की अडीच घनफूट होतं. ओल्या पाइनचं ते एकच लाकूड सुमारे ४० किलोंचं. दोन खांब आणि त्यांना जोडणारी तुळई जमिनीवर सांधून उभी करायची, तोल राखायचा, आणि त्याच वेळी पुढच्या आडव्या लाकडाची जीभ खाचेत नेमकी बसवून लाकडी खुंटी ठोकायची. एकाने रेटायचं, दुसऱ्याने धरायचं, तिसऱ्याने खुंटी मारायची, असं हे काम आहे. एखाद्या हिकमती माणसाने दोर आणि टेकू लावून ते एकट्याने केलंही असतं. पण अपवादावर पद्धत उभी राहत नाही. न्यू इंग्लंडमध्ये सांगाडा उभारण्याचा दिवस खाण्यापिण्यासकट गावाचा दिवस असे, कारण सांध्यांची रचनाच माणसं मागत असे.

थोरोच्या खर्चाच्या हिशेबात बदलाची चाहूलही आहे. खिळ्यांना ३ डॉलर ९० सेंट पडले, म्हणजे सगळ्या खर्चाचा जवळपास सातवा हिस्सा. कॉलिन्सच्या झोपडीच्या फळ्या गाडीतून नेत असताना सीली नावाचा शेजारी मधल्या वेळात सरळ, वापरता येतील असे खिळे खिशात घालत होता, हेही थोरो नोंदवतो. खिळा तेव्हा चोरण्याच्या लायकीची वस्तू होता. त्याआधी तर तो फारच महाग होता. लोहार एकेक खिळा ठोकून घडवी. सतराव्या शतकात व्हर्जिनियात जुनं घर सोडून जाणारे लोक ते जाळून राखेतले खिळे वेचत, आणि हे थांबवायला कायदा करावा लागला. १७९० च्या दशकात खिळे कापण्याची यंत्रं आली (जेकब पर्किन्सचं पेटंट १७९५ चं) आणि भाव उतरू लागले. खिळा महाग आणि लाकूड फुकट, तोवर खाच कोरण्यात दिवस घालवणं शहाणपणाचं होतं. खिळा स्वस्त झाला, लाकूडगिरणीत फळी एकसारख्या मापाची कापून मिळू लागली आणि पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत कसबी सुतार दुर्मीळ झाला, तेव्हा तो हिशेब उलटला.

शिकागोत १८३०च्या दशकात झालं ते हेच. तिथल्या बांधकामात जाड खांब गेले आणि त्यांच्या जागी दोन इंच बाय चार इंचांच्या पट्ट्या जवळजवळ उभ्या केल्या गेल्या. पुढे त्यांच्यातलं अंतर सोळा इंचांवर स्थिरावलं. सांधा नाही, खाच नाही. टोकाला टोक भिडवायचं आणि खिळे मारायचे. भार एका खांबावर न येता अनेक पट्ट्यांत वाटला जातो आणि वरून ठोकलेल्या फळ्या सगळ्यांना एकत्र बांधतात. याचं श्रेय कोणाला द्यायचं, यावर इतिहासकार भांडले. झिगफ्रीड गिडिऑनने १९४१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन स्नोचं नाव घेतलं. इतरांनी १८३३ साली सेंट मेरीज हे चर्च बांधणाऱ्या ऑगस्टिन टेलरला मान दिला. माझ्या मते हा वाद मूळ मुद्द्याला शिवत नाही. गिरणी, खिळा आणि सुतारांची टंचाई या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या, तिथे कोणीतरी हे करणारच होतं. महत्त्वाचं इतकंच की आता प्रत्येक लाकूड एका माणसाला खांद्यावर पेलता येत होतं.

या पद्धतीवरचे आक्षेप वजनदार आहेत. तकलादू, हा पहिला. जुन्या पद्धतीच्या बाजूने वॉल्डनच्या झोपडीचीच कथा पाहा: ती हलवली गेली, धान्य ठेवायला वापरली गेली, १८६८ मध्ये तिचं छप्पर डुकरांच्या गोठ्यावर गेलं आणि १८७५ मध्ये उरलेलं लाकूड एका कोठाराच्या डागडुजीला. खुंट्यांचा सांगाडा पुन्हा वापरता येतो, हा त्याचा खरा गुण. पण सेंट मेरीजसुद्धा एकाहून अधिक वेळा हलवलं गेलं, तेव्हा हलका सांगाडाही अगदीच दुबळा नव्हता. आगीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पायापासून छपरापर्यंत सलग जाणाऱ्या पट्ट्यांमधल्या पोकळ्यांतून ज्वाळा धुराड्यासारख्या वर चढतात. पुढे प्रत्येक मजल्याची भिंत वेगळी उभारण्याची पद्धत आली, त्यामागे हेही एक कारण होतं. सर्वांत खरा आक्षेप जंगलांचा आहे. मिशिगन आणि विस्कॉन्सिनची पाइनची अरण्यं शिकागोच्या वखारींत रिकामी झाली. घर बांधणाऱ्याला शेजाऱ्याची गरज उरली नाही, पण दूरच्या गिरणीची आणि रेल्वेची गरज जडली. हे परावलंबन मला मान्य आहे, आणि स्वावलंबनाच्या गौरवात ते झाकलं जातं याचं वाईट वाटतं. तरीही घर बांधण्याचा अधिकार कसबी सुताराच्या आणि मोठ्या गोतावळ्याच्या पलीकडे गेला, हे त्याने खोटं ठरत नाही. गावात ज्याला कोणी नव्हतं, अशा माणसासाठी हा फरक लहान नव्हता.

या दोन पद्धतींचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो पोटमाळ्यात. तिरप्या छपराचे वासे आपल्या भाराने भिंतींची डोकी बाहेर ढकलतात. जुन्या सांगाड्यात समोरासमोरच्या भिंतींना जोडणाऱ्या तुळया हा रेटा अडवत. त्या तशाही घालाव्याच लागत, त्यामुळे त्यांच्यावर फळ्या टाकल्या की माळा तयार. थोरोचं घर १० फूट रुंद होतं. छपराचा उतार ४५ अंशांचा धरला तरी आढ्याखाली जेमतेम ५ फूट उंची मिळते. अशी जागा मुख्यतः सामान ठेवायची. आजच्या परसातल्या घरात मात्र माळ्यावर झोपायचं असतं. अमेरिकेतल्या नमुना बांधकाम-नियमावलीत २०१८ साली छोट्या घरांसाठी जोडलेल्या परिशिष्टात अशा माळ्याला किमान ३५ चौरस फुटांची अट आहे. वर बसता यावं म्हणून माळ्याची जमीन भिंतीच्या माथ्यापासून दोनतीन फूट खाली घेतली जाते, आणि इथेच नवखा माणूस फसतो. तुळई खाली गेली की वाशांचा रेटा तिच्या वर, उघड्या भिंतीवर येतो. सहा इंची अखंड खांब तो बराचसा सोसतो. दोन-चारची पट्टी वाकते, आणि माळ्याच्या पातळीवर भिंत दोन तुकड्यांत उभारलेली असेल तर सांध्यातूनच फाकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे दोन्ही टोकांच्या भिंतींतल्या खांबांवर टेकलेलं खरं भार पेलणारं आढं, ज्याच्यावर वासे विसावतात आणि बाहेरचा रेटा उरतच नाही. दुसरा उपाय भिंतीच्या फुटण्यापुरता आहे: माळ्याच्या बाजूच्या भिंतींत पट्ट्या पायापासून माथ्यापर्यंत सलग ठेवायच्या, त्यांना आतल्या बाजूने इंचभर खाच पाडून आडवी फळी बसवायची आणि माळ्याच्या कड्या त्या फळीवर टेकवून पट्ट्यांना खिळ्यांनी पक्क्या करायच्या. हुशार बांधणारे हे दोन्ही करतात, आणि पट्ट्यांमधल्या पोकळ्या माळ्याच्या पातळीवर लाकडाच्या ठोकळ्यांनी बंद करतात, कारण आग आजही त्याच वाटेने चढते. सलग पट्ट्या आणि खाचेत बसवलेली आडवी फळी ही रचना शिकागोच्या सुतारांची आहे. मजल्यामजल्याच्या घरांतून ती हद्दपार झाली, पण पोटमाळ्याच्या छोट्या घरात ती अजून वापरात आहे.